वरचं पायडल न्हाणीकडे

आई सायकलीला वळसा घालून जायची. अमरावतीच्या राजापेठेतलं आमचं घर म्हणजे मागेपुढे दोन खोल्या आणि मागच्या बाजूला फरशीचं एवढंसं अंगण. अंगणाच्या एका टोकाला घराचं दार, दुसऱ्या टोकाला न्हाणी, आणि मधे भिंतीला टेकवून ठेवलेली माझी रेसिंग सायकल. न्हाणीकडे जाताना आई पदर आवरून घ्यायची, बादली पलीकडच्या हातात घ्यायची आणि समोरच्या भिंतीला अंग घासत निघून जायची. झोपलेल्या अनोळखी कुत्र्याजवळून माणूस जातो, तशी. तिनं सायकलीला कधी शिवी दिली नाही, मला कधी 'चालवू नको' म्हटलं नाही. ती काही म्हणत नाही, याचीच मला जास्त भीती वाटायची.

सायकल मूळची मामाची. मामा आईचा धाकटा भाऊ, अकोल्याला राहायचा. तरुणपणी तो शर्यतींत उतरायचा. मूर्तिजापूरच्या अलीकडे एका ट्रकनं त्याला मागून उडवलं आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. सायकल मात्र बाजूच्या कपाशीच्या शेतात, पऱ्हाटीत जाऊन पडली. हँडल थोडं वाकलं, दोन-चार तारा तुटल्या, बाकी तिला काही झालं नाही. आईनं हे ऐकलं तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "पाय गेला आन सायकल वाचली." पुढे मला कॉलेजच्या सायकलिंगच्या संघात घेतलं, तेव्हा मामानं आपण होऊन ती सायकल एसटीच्या टपावर बांधून अमरावतीला पाठवली. बाबांची बदली तेव्हा अकोल्यालाच होती. ते मामाकडेच राहायचे आणि शनिवारी संध्याकाळी घरी यायचे. सायकल द्यायचं त्या दोघांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. आईला कुणी विचारलं नाही. तिला ती एसटी स्टँडवरच दिसली, टपावरून खाली उतरताना.

सायकल धुवायला मामानंच शिकवलं, आमच्याकडे राहायला आला तेव्हा. कुबडी भिंतीला लावून, लाकडी पाटावर बसून तो दोन दिवस माझ्याकडून तेच तेच करून घेत होता. सायकल सीट आणि हँडलवर उलटी उभी करायची. डालड्याच्या जुन्या डब्यात घासलेट घ्यायचं, दात घासायच्या जुन्या ब्रशनं साखळीचा एकेक सांधा घासायचा. पायडल मागं फिरवत राहायचं, म्हणजे चाक जागच्या जागी राहतं आणि साखळी तेवढी सरकत राहते. मग कोरड्या फडक्यात साखळी धरून काळं निघेनासं होईपर्यंत पुसायची. शेवटी शिवणमशीनचं तेल, सांध्यावर थेंब थेंब. "तेल आत पायजे, वर नाई," मामा म्हणायचा. "वर ऱ्हायलं त धूळ धरते. देल्लं का पुसून टाकाचं." पावसाळ्यात आमच्याकडची काळी माती साखळीत अशी जाऊन बसते की ती वाळल्यावर खिळ्यानं उकरून काढावी लागते. रिमला मात्र तेलाचं बोट लागता कामा नये, नाहीतर ब्रेक लागायचे नाहीत. हे सांगताना मामा आईकडे पाहायचा नाही. आई आत भाकरी थापत असायची आणि त्या दोन दिवसांत भाकरी थापण्याचा आवाज नेहमीपेक्षा फार जोरात यायचा.

आता माझ्या भाचीच्या मुलीकडे अशीच शर्यतीची सायकल आहे, एका हातानं उचलता येते इतकी हलकी. तिच्याकडे ती टांगायला स्टँड आहे, साखळी धुवायला संत्र्याच्या वासाचं औषध आहे, कोरड्या दिवसांचं तेल वेगळं आणि ओल्या दिवसांचं वेगळं. मोबाइलवर पाहून पाहून ती सगळं नीट करते. मी खुर्ची टाकून जवळ बसते. तिला वाटतं, आजीला कौतुक आहे. कौतुक आहेच. पण माझं लक्ष तिच्या बोटांवर असतं.

त्या काळी मी उजाडायच्या आधी निघायची. नागपूरच्या रस्त्यानं नांदगाव पेठेपर्यंत जायचं आणि परत. ट्रक मागून आला की आधी त्याचा आवाज पाठीत शिरायचा, मग हवा अंगाला ढकलायची. ड्रायव्हर मुद्दाम जवळ येऊन हॉर्न वाजवायचे. पोरगी रेसिंग सायकलवर म्हणजे त्यांना गंमत. माझे हात हँडलवर इतके घट्ट बसायचे की घरी आल्यावर बोटं सरळ करायला वेळ लागायचा. मी हे घरी बोलत नसे. बोलले असते तर आईला सायकल बंद करायला कारण मिळालं असतं. मी परत येईपर्यंत आई चहा पीत नाही, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं होतं. मी दारात आले की ती आधी रस्त्याकडे पाहायची, मग माझ्याकडे आणि मग चहाचं भांडं चुलीवर ठेवायची. जवळच्या बुद्धविहारातली वंदना तेवढ्यात सुरू झालेली असायची. आम्ही दोघी दारात बसून चहात रात्रीची भाकर बुडवून खायचो. दोघीही घाबरलेल्या असायचो, पण एकमेकींना सांगायचो नाही.

तो दिवस वैशाखातला. आमच्याकडे वैशाखातली दुपार म्हणजे गल्लीत कुत्रंही दिसत नाही. जेवायला कढी आणि आंबाडीची भाजी होती. जेवण झाल्यावर आई पुढच्या खोलीत कूलरसमोर चटई टाकून आडवी झाली. मी अंगणात सावलीच्या पट्ट्यात सायकल उलटी केली. मागचं चाक न्हाणीकडे, पुढचं घराच्या दाराकडे. दुसऱ्या दिवशी पुढच्या वर्षाच्या संघाची निवड होती. आदल्याच दिवशी वादळाचा पाऊस शिंतडून गेला होता, त्यामुळे साखळी चिखलानं माखली होती.

घासलेटनं धुऊन झालं होतं. उजव्या हातात आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, त्यात साखळी धरलेली. डाव्या हातानं मी पायडल मागं फिरवत होते. मागच्या चाकाची टिकटिक चालली होती. हात घासलेटनं बुळबुळीत झाले होते. फडक्याचं एक टोक साखळीत अडकलं आणि पुढच्या दातेरी चाकाकडे ओढलं गेलं. मी फडकं सोडायला हवं होतं, पण ते बोटाभोवती गुंडाळलेलं होतं. डावा हात मात्र आपल्या तालात फिरतच राहिला. कट् असा बारीक आवाज झाला आणि सगळं थांबलं.

आधी दुखलंच नाही. मी नुसती पाहत राहिले. उजव्या हाताची तर्जनी साखळी आणि दात्यांच्या मधे गेली होती. नख दिसत नव्हतं. मग फडकं लाल व्हायला लागलं, घासलेट जखमेत उतरलं आणि कळ खांद्यापर्यंत चढली. तरी मी ओरडले नाही. हे आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण त्या क्षणी मला बोटापेक्षा आईची भीती जास्त होती. आई येईल, हे पाहील आणि सायकल जाईल, एवढंच डोक्यात होतं. मी दात आवळून बोट ओढून पाहिलं. ते हललं नाही, वरून डोळ्यांपुढे अंधारी आली. पायडल पुढं फिरवावं तर डावा हात इतका कापत होता की त्याचा मला भरवसा वाटेना. थोडं जरी चुकीकडे फिरलं तर बोट आणखी आत जाणार. मी एका हातानं पायडल घट्ट धरून, ते जराही हलू नये म्हणून, तशीच उकिडवी बसून राहिले. फरशी तापली होती. रक्त सांध्यासांध्यातून उतरून घासलेटच्या डब्यात टपकत होतं.

आई कशानं उठली ते तिनं नंतर सांगितलं. त्या टिकटिकीनं तिला कधी झोप लागत नसे. ती डोळे मिटून पडून राहायची आणि कूलरच्या घरघरीतूनही तेवढाच आवाज ऐकत राहायची. टिकटिक मधेच थांबली आणि पुन्हा सुरू झाली नाही, म्हणून ती उठली.

दारात आली तेव्हा मी म्हणाले, "आई, काई नाई झालं."

तिनं पाहिलं. ती वळली आणि पुढच्या दाराकडे धावली. कडी वाजली. गल्लीत तिची हाक ऐकू आली, "अवो, कोनी हाय का? अवो काकू!" शेजारचे सगळे बडनेऱ्याला लग्नाला गेले होते. कूलरच्या घरघरीत बाकीच्यांना काय ऐकू येणार! ती परत आली तेव्हा तिचा पदर खाली लोळत होता.

"कोनीच नाई," ती म्हणाली. "मी चौकात जाऊन कोनाले बलावून आनतो."

"नको आई. मले चक्कर येऊन राहिली. मी पडली तं बोट तुटून जाईन. तूच फिरव."

"मी?"

"पायडल. पुढं फिरव, मंग निंघते बोट."

ती जवळ आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती त्या सायकलीच्या इतक्या जवळ आली होती. तिनं हात पुढे केला आणि मागे घेतला. पुन्हा पुढे केला. माझा डावा हात बाजूला करून तिनं पायडल धरलं आणि दाबलं.

मी किंचाळले. ते चुकीकडे गेलं होतं. अगदी थोडं, पण गेलं होतं. तिनं चटका बसावा तसा हात सोडला.

"तू पुढं म्हटलं! पुढं हेच नोहे का?" ती दाराकडे बोट दाखवत होती. सायकलीचं तोंड दाराकडे होतं, हे खरं. पण सायकल उलटी होती. उलट्या सायकलीचं पुढं कुठं असतं, ते मला हातानं कळत होतं, तोंडानं सांगता येत नव्हतं. मी डोळे मिटले. मामा शिकवत होता तेव्हा पायडल कसं फिरत होतं, ते आठवायचा प्रयत्न केला. आईचा श्वास माझ्या कानाजवळ वाजत होता.

"आई, पुढं-मांगं सोड. वरचं पायडल पाह्य. ते न्हानीकडे ढकल. न्हानीकडे. हळू."

"न्हानीकडे?"

"हो."

"पक्कं ना पोरी? चुकलं तं?"

"नाई चुकत."

मला खात्री नव्हती. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती आणि तिला कळलं असणार की मला खात्री नाही. तिनं एका हातानं माझं मनगट धरलं, दुसरा हात वरच्या पायडलावर ठेवला. तिचा हात इतका थरथरत होता की साखळी वाजत होती. मग तिनं आपलं कोपर पोटाशी दाबून धरलं, थरथर थांबवली, आणि वरचं पायडल न्हाणीकडे ढकललं. एक दाता सरकला. मी ओठ चावला. आणखी एक. मागचं चाक हळूच फिरलं, आणि बोट मोकळं झालं.

तिनं ते बोट पदरात गुंडाळलं, माझा हात डोक्यावर धरला आणि मला तशीच चालवत चौकात नेलं. अनवाणी. डांबर पायाला चिकटत होतं. ऑटोत ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "वर धर, खाली नको करू." डॉक्टरनं नख काढलं, पुढचा तुकडा गेलाच होता, उरलेलं शिवलं. सगळं झाल्यावर आईनं त्यांना विचारलं, "डॉक्टरसाहेब, मी पयले उलटं फिरवलं होतं. त्याच्यानं गेलं का ते?"

"नाही हो. पहिल्याच झटक्यात चेंगरलेलं होतं ते," डॉक्टर म्हणाले.

आईनं मान हलवली, पण तिचा विश्वास बसला नाही. तो कधीच बसला नाही. पुढे कितीतरी वर्षांनी, अंथरुणाला खिळलेली असताना, माझा हात हातात घेऊन तिनं मला पुन्हा तेच विचारलं होतं. आज बँकेत आधारचं मशीन त्या बोटाचा ठसा घेत नाही. काउंटरवरची मुलगी म्हणते, मॅडम, दुसरं बोट लावा. मी दुसरं बोट लावते.

त्या रात्री ताप चढला. दुसऱ्या दिवशी संघाची निवड माझ्याशिवाय झाली. त्याचं दुःख वाटायला हवं होतं, पण भीतीनं त्याला जागाच ठेवली नव्हती. आईनं मला मऊ खिचडी भरवली, कैरीचं पन्हं पाजलं, औषध दिलं, आणि सायकल हा शब्द एकदाही उच्चारला नाही. शनिवारी बाबा येणार, सोबत मामाही येणार, असा निरोप आला होता. मी मनाशी धरून चालले होते की परत जाताना एसटीच्या टपावर सायकल असणार.

दुपारी ग्लानीत पडले असताना अंगणातून आवाज आला. टिक. टिक. टिक. मग शांतता. पुन्हा टिक टिक. आई सायकल खोलून भंगारवाल्याला देतेय, असंच मला वाटलं. मी भिंतीला धरत मागच्या दारात आले.

आई सायकलीसमोर पाटावर बसली होती. सायकल तशीच उलटी होती, कालपासून तिला कुणी हात लावला नव्हता. साखळीवरचं रक्त वाळून काळं झालं होतं. आईनं डब्यात नवं घासलेट घेतलं होतं. तिनं एका हातानं पायडल थोडं फिरवलं, थांबवलं, हात काढून मांडीवर ठेवला. मग दुसऱ्या हातात ब्रश घेऊन तेवढाच तुकडा घासला. ब्रश खाली ठेवला. पुन्हा पायडल. दोन्ही हात एकाच वेळी सायकलीवर जाऊच देत नव्हती.

"तू काहून उठली?" मागे न पाहताच ती म्हणाली.

"तू काय करून राहिली आई?"

"दिसत नाई का? धुऊन राहिली."

"मले वाटलं तू भंगारात देऊन राहिली."

"देनारच होती." तिनं ब्रश घासलेटमध्ये बुडवला. "सकाऊनच भंगारवाल्याले आवाज देला होता. तो आला बी. मंग पाह्यलं तं साखळीले तुहं रक्त लागलेलं. रक्तासकट कशी देऊ बाप्पा? त्याले म्हटलं, उद्या ये. मंग धुवाले बसली."

"मंग आता?"

ती बराच वेळ घासत राहिली. डब्यातलं घासलेट आता लालसर झालं होतं. तिचा चेहरा घामानं डबडबला होता.

"आता काय?" ती म्हणाली. "ते मशीनचं तेल कुठं ठेवलं, सांग."

शनिवारी मामा आला. दारातच त्यानं माझं पट्टी बांधलेलं बोट पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. आईनं दाळकांदा आणि भाकर वाढली. त्यानं चार घास खाल्ले आणि ताट सरकवलं. तो आईला 'बाई' म्हणायचा. म्हणाला, "बाई, मी सायकल घेऊन जातो. चूक माहीच हाय. मी धाडालेच नोको होती."

बाबा मान खाली घालून बसले होते. मी भिंतीशी.

"राहू दे," आई म्हणाली.

"बाई, तुले भेव वाटते ना तिचं?"

"वाटते. तू नेली तं कमी होईन का? पोट्टी दुसरी आनन कुठून तरी. तुह्याच वळणावर गेली ते." तिनं त्याच्या ताटात आणखी भाकर टाकली. "घरात राह्यली तं मले मालूम तरी राहीन, कोनतं पायडल कुकडे फिरते. जेव आता."

मामा जेवला. जेवता जेवता तो रडत होता, पण कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

तेव्हापासून साखळी धुताना पायडल फिरवायचं काम आईचं झालं. ती फिरवायची, थांबायची, "घास" म्हणायची. मी घासायची. माझं झालं की मी हात वर करून दाखवायची, मगच ती पुढचा तुकडा आणायची. दहा मिनिटांचं काम दुपारभर चालायचं. माझ्या मैत्रिणी हसायच्या. आई कधी हसली नाही.

दिवाळीनंतर संघात पुन्हा माझं नाव आलं. सरांनी सरावासाठी आम्हा मुलींना अमरावतीहून अकोल्यापर्यंत न्यायचं ठरवलं. तोच रस्ता. आई आदल्या रात्री जेवली नाही. सकाळी मात्र तिनं पिशवी भरली आणि म्हणाली, "मी एसटीनं जातो मामाकडे." मूर्तिजापूरच्या अलीकडे मामाला ट्रकनं उडवलं ती जागा आली, तेव्हा मी बाजूला पाहिलं. तिथं काहीच नव्हतं. दोन्हीकडे फुटलेली पऱ्हाटी, आणि मागून ट्रकांची रांग. मी फक्त पुढच्या मुलीच्या चाकाकडे पाहत राहिले. मूर्तिजापूर सोडल्यावर एक एसटी हॉर्न देत बाजूनं निघाली. खिडकीतून आई अर्धी बाहेर आली होती. काहीतरी ओरडत होती, पण वाऱ्यात ते कळलं नाही. गाडी पुढे निघून गेली आणि धुळीत दिसेनाशी झाली.

मामाच्या गल्लीत शिरले तेव्हा ती कोपऱ्यावर उभी होती. किती वेळची उभी होती कोण जाणे, डोक्यावर पदर आणि पायाशी पिशवी. मी सायकलवरून उतरले. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. माझे दोन्ही हात ओढून घेतले, उलटे केले, आणि गल्लीतल्या सगळ्यांदेखत एकेक बोट चिमटीत धरून मोजायला लागली. आखूड बोटापाशी थांबली, त्यावरून अंगठा फिरवला, पुढे गेली. शेवटच्या करंगळीपर्यंत आली, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.